तर्री सोडली, पण तिच्या जागी काय आलं?

रक्ततपासणीचा कागद हातात येतो, एलडीएलच्या (‘वाईट’ कोलेस्टेरॉलच्या) आकड्याखाली लाल रेघ असते आणि नाशिकच्या घरात पहिला हुकूम सुटतो: आजपासून मिसळ बंद. अंडी बंद, तूप बंद, दाणे बंद. मग सकाळी चहाबरोबर दोन टोस्ट आणि एक खारी, अकराला मारी बिस्किटं, दुपारी भाताचा जरा मोठा ढीग (कारण भाजीला तेलच नाही, चव कुठून येणार), संध्याकाळी मुरमुरे आणि चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी. दोन महिन्यांनी पुन्हा तपासणी. एलडीएल जागचं जेमतेम हललेलं आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) चढलेलं. मग घरचे म्हणतात, पथ्याने काही होत नाही, हे सगळं आनुवंशिक आहे.

पथ्याने होतं. पण ताटातून काय काढलं एवढ्यावर ते ठरत नाही, काढलेल्या जागेवर काय बसलं यावर ठरतं. अमेरिकेतल्या हजारो परिचारिका आणि आरोग्य व्यावसायिकांचा आहार दशकानुदशकं नोंदवला गेला. त्यावरचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात हेच तपासलं होतं. दिवसभराच्या एकूण उष्मांकांपैकी पाच टक्के उष्मांक संपृक्त (तूप-लोण्यातल्या) चरबीऐवजी बहुअसंपृक्त (करडई, सूर्यफूल, सोयाबीनसारख्या) तेलांतून घेणाऱ्यांत हृदयविकाराचा धोका सुमारे २५ टक्के कमी आढळला. तेच उष्मांक अख्ख्या धान्यांतून आले तेव्हा सुमारे ९ टक्के. आणि मैदा, साखर, पांढऱ्या पिठांतून आले तेव्हा फरक जवळजवळ शून्य. टोस्ट-खारीच्या पथ्याचा निकाल तिथेच लागतो.

यामागचं कारण यकृतात आहे. संपृक्त चरबी (तूप, साय, लोणी, खोबरं, पामतेल, वनस्पती तूप, मटणाची चरबी) जास्त झाली की रक्तातलं एलडीएल उचलून आत घेणारे यकृताच्या पेशींवरचे ग्राही (रिसेप्टर) कमी होतात आणि एलडीएल रक्तातच फिरत राहतं. पिष्ट आणि साखर गरजेपेक्षा जास्त झाली तर यकृत त्यापासून चरबी तयार करून रक्तात सोडतं. ट्रायग्लिसराइड वाढतं, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) घसरतं आणि एलडीएलचे कण लहान, घट्ट होतात. दुसरा प्रकार आपल्याकडे विशेष दिसतो: पोट सुटलेलं, हातपाय बारीक, एचडीएल ३५, ट्रायग्लिसराइड २२०. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका सरासरी ५३व्या वर्षी आलेला दिसला, इतरांना जवळपास ५९व्या. म्हणजे ‘साठीनंतर बघू’ ही सवलत आपल्याला नाही.

आता मिसळीकडेच वळू, कारण बिचारीवर अन्याय फार होतो. एका माणसाच्या मिसळीत ५० ग्रॅम कोरडी मटकी पडली तर सुमारे दहा ग्रॅम प्रथिनं आणि सात ग्रॅम तंतू मिळतात. इतका चांगला नाश्ता पोह्यांत नाही आणि इडलीतही नाही. गुन्हेगार मटकीच्या आजूबाजूला बसलेले असतात: वरची तर्री, मूठभर शेव-फरसाण, दोन पाव आणि तळलेला पापड. वाटीवर तरंगणारं तेल एकदा चमच्याने काढून मोजा. चहाचे चार चमचे निघाले तर ते २० मिली, म्हणजे १८ ग्रॅम. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शक तत्त्वांत दोन हजार उष्मांकांच्या ताटाला दिवसभराचं तेल-तूप २७ ग्रॅम दिलं आहे. सकाळी नऊलाच त्यातलं दोन-तृतीयांश संपलं.

घरी चौघांची मिसळ करायची तर हिशोब असा ठेवावा. मटकी २०० ग्रॅम, आठ-दहा तास भिजवून, निथळून, ओल्या फडक्यात बारा ते सोळा तास. थंडीत नाशिकचा पारा घसरतो तेव्हा मोड येत नाहीत म्हणून लोक पाणी मारत राहतात आणि मटकी आंबते. पाणी नको, ऊब हवी. डबा बंद ओव्हनमध्ये किंवा ब्लँकेटात ठेवा. वाटणाला दोन कांदे तेलाशिवाय, गॅसवर किंवा कोरड्या कढईत काळे डाग पडेपर्यंत भाजायचे. सुकं खोबरं नेहमी ५० ग्रॅम घेत असाल तर २० ग्रॅमवर आणा आणि उरलेल्या जागी एक मोठा चमचा भाजलेले तीळ आणि दोन मोठे चमचे फुटाण्याची डाळ घाला. सुक्या खोबऱ्यात वजनाच्या साठ टक्क्यांहून अधिक चरबी असते आणि ती बहुतेक संपृक्त. खोबरं रश्शाला दाटपणा देतं खरं, पण फुटाण्याची डाळही देते, आणि चव बिघडत नाही. तेल एकूण तीन मोठे चमचे, म्हणजे ४५ मिली. माणशी अकरा मिली पडलं.

इथे एक गोष्ट हमखास फसते: तेल कमी केलं की रस्सा तपकिरी दिसतो आणि घरचे नाक मुरडतात. मिरचीचा लाल रंग तेलात विरघळतो, पाण्यात नाही. तो जास्त आचेवर जळतोही. म्हणून तीन चमच्यांतला एक चमचा तेल बाजूला ठेवायचं. रस्सा उकळून झाला की ते तेल छोट्या कढल्यात गरम करून गॅस बंद करायचा, अर्धा मिनिट थांबायचं, मग दोन चमचे ब्याडगीची पूड घालून ढवळायचं आणि लगेच एक चमचा गरम पाणी टाकून जळणं थांबवायचं. ही एवढीशी तर्री वरून ओतली की वाटी लालभडक दिसते. मीठ सपाट एक चहाचा चमचा, सगळ्यात शेवटी. लिंबू पिळलं की तेवढंच मीठ जास्त भासतं. फरसाण माणशी एक मोठा चमचा, कुरकुरीतपणापुरतं. त्याच्या जोडीला बारीक कांदा आणि मूठभर कोथिंबीर. पाव एक. कोणाला दुसरा हवाच असेल तर आधी मटकी वाढा.

मिसळीला काळा मसाला चालतो का, तिखटाने हृदयावर ताण येतो का, हे प्रश्न नेहमी येतात. तिखटाचा आणि रक्तवाहिन्यांचा काही संबंध नाही. आम्लपित्ताचा आहे. छातीतल्या जळजळीला हार्टची भीती आणि हार्टच्या दुखण्याला ॲसिडिटी समजणं, दोन्ही चुका घडतात, आणि दुसरी जीवावर बेतते. छातीवर दाब, घाम, डावा हात किंवा जबडा भरून येणं असेल तर ॲसिडिटीची पुडी फोडत बसू नये.

तेलाचा महिन्याचा हिशोब चमच्यापेक्षा डब्यावर सोपा जातो. २७ ग्रॅम म्हणजे ३० मिली. चार माणसांना दिवसाला १२० मिली, म्हणजे पाच लिटरचा डबा साधारण ४१ दिवस पुरला पाहिजे. तोही बाहेर काहीच न खाल्लं तर. तुम्ही आठवड्यातून दोनदा बाहेर खात असाल तर डबा ५० दिवस चालायला हवा. नवा डबा फोडाल त्या दिवशी झाकणावर मार्करने तारीख लिहा. बहुतेक घरांत तो महिन्याच्या आत संपतो आणि कोणालाच पत्ता नसतो, कारण पळीने ओतलेलं तेल कोणी मोजत नाही. पळी काढून टाका, डब्यात चहाचा चमचा ठेवा.

कोणतं तेल? यावर कॉलेज रोडच्या कट्ट्यापासून सातपूरच्या कॅन्टीनपर्यंत वाद होतात, आणि वादाच्या मानाने उत्तर फारच साधं आहे. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, सोयाबीन, मोहरी, तीळ यांपैकी कोणतीही दोन, आलटून-पालटून. पेठ-सुरगाण्याकडून खुरासणीचं (कारळ्याचं) तेल मिळत असेल तर तेही उत्तम, बहुअसंपृक्त चरबी भरपूर असलेलं. पामतेलात निम्मी चरबी संपृक्त असते, खोबरेल तेलात सुमारे नव्वद टक्के. लाकडी घाण्याच्या तेलाचा वास आणि चव चांगली, घ्यायचं तर घ्या, पण घाण्यातून काढल्याने शेंगदाण्याची मूळ चरबी बदलत नाही. घाण्याचं आहे म्हणून दुप्पट ओतलं तर रिफाइंडपेक्षा वाईटच. न गाळलेलं घाण्याचं तेल तळणीला लवकर धुरावतं, म्हणून ते फोडणीलाच ठेवावं.

तळणीच्या तेलाबद्दल थोडं. एकदा तळून उरलेलं तेल गाळून, झाकून, दोन-तीन दिवसांत फोडणीला संपवा. त्यात पुन्हा तळू नका आणि त्यात नवं तेल ओतून ‘सारखं’ करू नका. तापून मोडलेल्या चरबीचे अंश नव्या तेलालाही लवकर बिघडवतात. तेल दाट होणं, कढईच्या कडेला चिकट कवच धरणं, तळताना न मोडणारा फेस येणं, आधीपेक्षा कमी आचेवर धूर येणं, ही टाकून द्यायची लक्षणं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने खाद्यव्यवसायांसाठी अशा बिघडलेल्या घटकांची मर्यादा २५ टक्के ठेवली आहे. तेल-वनस्पतीतल्या ट्रान्स फॅटची मर्यादा जानेवारी २०२२पासून २ टक्के आहे. त्यामुळे आजचं वनस्पती तूप पूर्वीइतकं विषारी नाही, पण संपृक्त चरबी त्यात भरपूर आहेच. खारीचे पदर त्याच चरबीने सुटतात.

दुधाकडे कोणी बघतच नाही. म्हशीच्या अर्धा लिटर दुधात, साडेसहा टक्के स्निग्धांश धरला तर, ३३ ग्रॅम चरबी, त्यातली वीस ग्रॅमच्या आसपास संपृक्त. १८०० उष्मांक खाणाऱ्या माणसाची संपृक्त चरबीची दिवसाची वरची मर्यादा (एकूण उष्मांकांच्या दहा टक्के) बरोबर तेवढीच आहे, वीस ग्रॅम. एलडीएल वाढलेलं असेल तर ती सात टक्क्यांवर, म्हणजे चौदा ग्रॅमवर आणावी लागते. दूध उकळून, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून जाड साय काढली की बराच भार उतरतो. मात्र ती साय साठवून, लोणी काढून, कढवून तेच तूप रविवारी पुरणपोळीवर धार धरून आलं, तर आपण फक्त वाहतुकीचा मार्ग बदलला. तुपाचा एक चहाचा चमचा म्हणजे तीन ग्रॅम संपृक्त चरबी. वरण-भातावर रोज एक चमचा मापात बसतो. तूप अमृत नाही आणि जहरही नाही, ते या चौदा किंवा वीस ग्रॅमांच्या खात्यातला एक खर्च आहे.

धान्यांबाबत आपल्या जिल्ह्याचं नशीब चांगलं आहे. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या पट्ट्यात नागली (नाचणी) पिकते, मालेगाव-बागलाणकडे बाजरी. शंभर ग्रॅममागे तंतू बघा: नागली ११, बाजरी साडेअकरा, ज्वारी १०, गव्हाचं न चाळलेलं पीठ ११, पांढरा तांदूळ पावणेतीन आणि मैदाही पावणेतीन. म्हणजे चपाती सोडून नागली धरल्याने तंतूंत फार फरक पडत नाही. पाव, टोस्ट आणि भाताचा दुसरा ढीग सोडून भाकरी धरली तर चौपट पडतो. कणीक चाळताना वर राहिलेला कोंडा फेकणाऱ्यांनी मग बाजारातून कोंड्याची बिस्किटं आणणं हा निव्वळ विनोद आहे. चाळण बाजूला ठेवा.

नागलीची भाकरी तुटते म्हणून लोक सोडून देतात. तिच्यात गव्हासारखा चिकट अंश नसतो, म्हणून उकड काढावी लागते: एक वाटी पाणी उकळवा, त्यात एक वाटी पीठ घालून गॅस बंद, झाकण, पाच मिनिटं, मग गरम असतानाच मळा. उकळत्या पाण्याने पिष्ट फुगतं आणि तेच पीठ धरून ठेवतं. पाणी नुसतं कोमट असेल तर कडा फाटणारच. बाजरीचं पीठ आठ-दहा दिवसांपुरतंच दळा. तिच्यातली चरबी लवकर खवट होते, पीठ कडू लागतं आणि दोष बाजरीवर येतो. एक भाकरी ५० ते ६० ग्रॅम पिठाची. तीन भाकऱ्या आणि वर भात हे ‘पौष्टिक’ या नावाखालीही जास्तच आहे. मार्गदर्शक तत्त्वांतलं कच्च्या धान्याचं माप दिवसाला २५० ग्रॅम आहे, आणि त्यात पोहे, रवा, पाव, बिस्किटं सगळं आलं.

धान्य कमी झालं की ती जागा डाळ-उसळींनी भरायची, इथे खरी उणीव आहे. माप ८५ ग्रॅम कच्ची डाळ-कडधान्य माणशी. (अंडी, मासे, मांस खाणाऱ्यांचा वाटा यातच धरला आहे.) चार माणसांच्या घरात वरणाला अर्धी वाटी तूरडाळ पडते, म्हणजे शंभर ग्रॅम. माणशी पंचवीस. उरलेले साठ ग्रॅम कुठेच नसतात. यावर सोपा तोडगा म्हणजे वरण दाट करा आणि दिवसातून एकदा उसळ करा: मटकी, हुलगे, चवळी, हरभरा, मसूर. त्यांतले विरघळणारे तंतू आतड्यात पित्तरसाला धरून बाहेर नेतात. नवा पित्तरस करायला यकृताला कोलेस्टेरॉल लागतं आणि ते ते रक्तातून ओढून घेतं. ओट्स आणि इसबगोलाचंही काम याच मार्गाने चालतं. इसबगोल दहा ग्रॅम, म्हणजे दोन मोठे चमचे, मोठ्या ग्लासभर पाण्यात. पाणी कमी पडलं तर पोट साफ होण्याऐवजी गच्च होतं. थायरॉईडची गोळी किंवा इतर औषधं आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर औषधही त्यात अडकतं. उसळीने गॅस होतात ही तक्रार खरी आहे. भिजवलेलं पाणी फेका, पहिल्या आठवड्यात माणशी दोन मोठे चमचेच खा, महिन्याभरात आतडं सरावतं.

दाणे बंद करू नका. स्पेनमध्ये सुमारे ७,४०० लोकांवर झालेल्या प्रयोगात (सुधारित निष्कर्ष २०१८मध्ये आले) ऑलिव्ह तेल किंवा रोज ३० ग्रॅम सुकामेवा दिलेल्या गटांत हृदयविकार, पक्षाघात आणि त्यांतून मृत्यू हे एकत्रित प्रमाण सुमारे तीस टक्क्यांनी कमी राहिलं. त्या सुक्यामेव्यात अक्रोड, बदाम, हेझलनट होते. आपल्याकडे रोजच्या खर्चात बसतात ते शेंगदाणे: तीस ग्रॅम, एक छोटी मूठ, भाजलेले, बिनमिठाचे. पण ते फरसाणाच्या जागी. फरसाणानंतर नव्हे. भाजीत घातलेलं कूटही याच मुठीतून वजा करायचं. जवसाची चटणी चांगलीच, फक्त जवस भाजून दळलेलं हवं. अख्खं जवस जसं जातं तसंच बाहेर पडतं. दळलं की आठवड्याभरात संपवा, डबा फ्रिजमध्ये.

भाजीचा आकडा ऐकून लोक हसतात: माणशी ४०० ग्रॅम. चौघांना आठवड्याला अकरा किलो. अख्ख्या मुंबईला भाजी पुरवणाऱ्या जिल्ह्यात दोन पिशव्यांत आठवडा काढणारी घरं आहेत! गंगेवरच्या (गोदाकाठच्या) बुधवारच्या बाजारातून निघताना पिशवी हाताला रुतली पाहिजे. यातली निम्मी भाजी कच्ची खाता येते: काकडी, टोमॅटो, गाजर, मुळा, कोबी. कच्चीला तेल लागत नाही. मीठ वरून भुरभुरू नका, लिंबू आणि जिरेपूड पुरते. बटाटा या चारशे ग्रॅमांत धरत नाहीत.

आणि आता मीठ. तेलाची चर्चा घरात होते, मिठाची होत नाही, आणि रक्तदाब तर आतून पोखरतो. माणशी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. आपण साधारण त्याच्या दुप्पट खातो. चौघांना दिवसाला २० ग्रॅम, महिन्याला ६०० ग्रॅम. पण सगळं मीठ आपल्या डब्यातून येत नाही. दोन पावांत सुमारे एक ग्रॅम, उडदाच्या एका पापडात अर्धा ग्रॅम, लोणच्याच्या एका चमच्यात एक ग्रॅम किंवा थोडं जास्त, शिवाय चिवडा, शेव, सॉस, सूपच्या पुड्या. म्हणून डब्यातलं मीठ महिन्याला ४०० ग्रॅमच्या आत हवं. एक किलोची पिशवी चौघांना अडीच महिने गेली पाहिजे.

पाकिटावर मीठ लिहिलेलं नसतं, सोडियम लिहिलेलं असतं. त्याला अडीचने गुणा: १०० ग्रॅममध्ये ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे दोन ग्रॅम मीठ. खाण्याचा सोडा मिठाच्या हिशोबात कोणी धरत नाही, पण त्याच्या एका चहाच्या चमच्यात साडेबाराशे मिलिग्रॅम सोडियम असतं, म्हणजे तीन ग्रॅम मिठाच्या बरोबरीचं. हरभरे शिजवताना, ढोकळ्यात, भजीच्या पिठात तो पडतो, आणि ॲसिडिटीच्या फसफसणाऱ्या पुडीतही तोच असतो. सैंधव आणि काळं मीठ यांतही सोडियम जवळजवळ तेवढंच, आयोडीन मात्र नसतं.

कमी करायची रीत: कणीक आणि भात यांतलं मीठ आजपासून शून्य. भाकरीला आपण कुठे घालतो? मग आमटी-भाजीतलं दर आठवड्याला थोडं थोडं उतरवा. मीठ शेवटी घाला, कारण वर राहिलेलं मीठ जिभेला आधी लागतं. चार-सहा आठवड्यांत जीभ बदलते आणि हॉटेलचं जेवण खारट वाटू लागतं. एकदम निम्मं केलंत तर तिसऱ्या दिवशी ताटात मिठाची वाटी परत येईल. अमेरिकेतल्या १९९७च्या ‘डॅश’ प्रयोगात मिठाला हातही न लावता, भाज्या, फळं आणि कमी सायीचं दूध-दही वाढवून, रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा ११ने आणि खालचा पाच-साडेपाचने उतरला होता. मीठही कमी केलं की आणखी उतरतो.

पोटॅशियम मिसळलेलं कमी सोडियमचं मीठ हा चांगला पर्याय आहे. चीनमधल्या ६०० गावांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्याने पक्षाघात १४ टक्क्यांनी घटले. पण मूत्रपिंड कमजोर असेल, किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर हे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नका. रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाची लयच बिघडू शकते. मीठ सगळ्या घराचं एकच असतं, हे विसरून एकाच्या रक्तदाबासाठी दुसऱ्याची किडनी अडचणीत येते.

चहा: दोन चमचे साखर, चार कप, म्हणजे ३२ ग्रॅम साखर आणि अजून जेवण झालेलं नाही. दिवसाची मर्यादा पंचवीसच्या आसपास. अर्ध्या चमच्यावर या. गूळ घालून चालणार नाही, तीही साखरच.

उपवासाचं बोलायलाच हवं, कारण श्रावणात अर्धं नाशिक उपाशी नसून साबुदाण्यावर असतं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट. भगर त्याहून बरी, पण तीही एकटी नको: पाऊण वाटी शिजलेली भगर, त्यावर वाटीभर शेंगदाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, ताक. वडे, वेफर्स आणि तळलेला चिवडा यांना उपवास म्हणण्याला आमची हरकत आहे, पण तो धर्माचा विषय झाला.

द्राक्षं खावीत का? खावीत. शंभर ग्रॅम, म्हणजे मध्यम आकाराचे वीसेक मणी, त्यात सोळा ग्रॅम साखर. रस काढू नये. बेदाण्यात तेवढ्याच वजनात साखर चौपट होते, म्हणून ते चमच्याने. आणि एक गैरसमज फक्त आपल्या गावासाठी: काही स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या) आणि रक्तदाबाच्या गोळ्यांच्या चिठ्ठीवर ‘ग्रेपफ्रूट टाळा’ असं छापलेलं असतं. ते वाचून ऐन फेब्रुवारीत द्राक्षं सोडणारे लोक आहेत. ग्रेपफ्रूट म्हणजे लिंबू-पपनस कुळातलं फळ, द्राक्ष नव्हे. टाळायचंच तर पपनस टाळा.

वाइनची राजधानी म्हणून मिरवणाऱ्या शहरात हे लिहिणं धाडसाचं आहे, पण रेड वाइन हृदयासाठी औषध नाही. दीडशे मिलीच्या, तेरा टक्क्यांच्या ग्लासात पंधरा ग्रॅम मद्यार्क असतो. तो रक्तदाब आणि ट्रायग्लिसराइड दोन्ही वाढवतो. जे घटक चांगले म्हणून सांगतात ते काळ्या द्राक्षाच्या सालीत आहेतच. न पिणाऱ्याने हृदयाच्या नावाने सुरुवात करू नये.

मटणाला पूर्ण बंदी नको, पण रस्सा आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी वर गोठलेला पांढरा थर चमच्याने उचलून टाका, मग तापवा. काळ्या मसाल्याचा स्वाद मुरतोही छान. महिन्यातून दोनदा पुरे. रोजचं एक अंडं बहुतेकांना चालतं. त्याबरोबरचं लोणी नाही.

व्हॉट्सॲपवरचे ‘ब्लॉकेज विरघळवणारे’ काढे, लसूण-आलं-व्हिनेगरचं मिश्रण, दुधीचा रस, यांनी रक्तवाहिनीतला साचलेला थर धुऊन निघत नाही. दुधीचा रस तर धोक्याचाही ठरू शकतो. दुधी कडू निघाला तर त्यातल्या विषारी द्रव्याने उलट्या, रक्तस्राव, मृत्यूही झालेले आहेत. एक थेंब चाखून कडू लागला तर अख्खा दुधी फेका. रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरिन किंवा असिनोकूमारॉल चालू असेल त्यांनी पालेभाजीचं प्रमाण आठवड्याला सारखं ठेवावं. एका आठवड्यात रोज मेथी आणि पुढच्या आठवड्यात काहीच नाही, असं केलं की गोळीचा असर वर-खाली होतो.

या बदलांनी एलडीएल किती उतरतं? घरच्या परिस्थितीत, मनापासून केलं तर, दहा-पंधरा टक्के. म्हणजे १६०चं १४०. ज्यांना ७०च्या खाली न्यायला सांगितलंय, स्टेंट बसलाय, त्यांना गोळी लागणारच. पथ्य चालू केलं म्हणून गोळी बंद करणं ही सगळ्यात महाग चूक. ट्रायग्लिसराइड मात्र आहाराला चटकन ऐकतं. साखर, मैदा आणि दारू सुटली की काही आठवड्यांत फरक दिसतो. फेरतपासणी दीड-दोन महिन्यांनी, त्याच प्रयोगशाळेत, बारा तास उपाशी राहून. आदल्या रात्री लग्नाची पंगत नको. लिपोप्रोटीन ए नावाचा घटक मात्र जन्मजात असतो, आहाराने हलत नाही. घरात पन्नाशीच्या आत कोणाला झटका आला असेल तर तो आयुष्यात एकदा तपासून घ्यावा.

उशीर झाला का, हा सत्तरीतला प्रश्न. नॉर्वेच्या संशोधकांनी २०२२मध्ये मांडलेल्या गणिती प्रारूपात, नेहमीच्या पाश्चात्त्य आहाराऐवजी आदर्श आहार साठाव्या वर्षी धरला तरी आयुर्मान सुमारे आठ वर्षांनी वाढू शकतं, ऐंशीव्या वर्षी धरला तर तीन-साडेतीन. प्रारूप अमेरिकेच्या आकड्यांवर आहे, आपल्याला जसंच्या तसं लावू नये. पण त्यात सर्वाधिक वर्षं कशाने मिळाली ते बघण्यासारखं आहे: कडधान्यं, अख्खी धान्यं आणि सुकामेवा. सत्तरीत मात्र उपासमार करू नका. दात नाहीत म्हणून दूध-बिस्किटांवर आलेल्या आजोबांना दाट वरणात कुस्करलेली भाकरी आणि मऊ मटकी जास्त कामाची आहे.

रविवारी बाहेर मिसळ खायला गेलात तर तर्री वेगळ्या वाटीत मागवा आणि दोन चमचे घ्या. पापड भाजलेला मिळतो का विचारा. शेव बाजूला काढायला सांगा, कांदा-लिंबू दुसऱ्यांदा मागा, दही घ्या. जिलबी टेबलावर एकच प्लेट, सगळ्यांत मिळून. रस्सा कितीही वेळा फुकट वाढतात म्हणून तिसरी वाटी घेऊ नका. ती फुकट आहे, पण तिच्यातलं मीठ मोजलं जातं. मटकीची जास्तीची वाटी वेगळे पैसे देऊन मिळते, ती घ्या.